रात्री उभी केलेली गाडी सकाळी बसते कशी? जुनी जीप, अ‍ॅम्बेसेडर, जिप्सीची बॅटरी कोण खातो ते असे शोधा

गडचिरोली/चंद्रपूर : संध्याकाळी गाडी चांगली चालत आली, अंगणात उभी केली. पहाटे चावी फिरवली तर सेल्फ नुसता 'टक्' करतो अन् डॅशबोर्डचा लाल दिवा मंद होऊन जातो. मग शेजारचे चार जण बोलवा, धक्का मारा, नाही तर ट्रॅक्टर जोडा. जुनी गाडी ज्याच्या घरी आहे त्याला हे नवीन नाही. पण भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, जिवती या भागात गाडी वेळेवर सुरू न होणे ही नुसती डोकेदुखी नसते. रात्री बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात न्यायचा असतो. १०८ ची गाडी यायला वेळ लागणार असतो आणि गावात असलेली एकच जीप धक्क्यावर उभी राहते.

अशा वेळी बहुतेक लोक एकच उपाय करतात. नवीन बॅटरी आणतात. जीपला लागणाऱ्या बॅटरीचे पाच ते आठ हजार रुपये जातात, महिनाभर गाडी बरी चालते आणि पुन्हा तेच. कारण दोष बॅटरीत नव्हताच, गाडीच्या वायरिंगमध्ये होता. नवी बॅटरी मोठी अन् ताजी असल्याने तिला बसायला थोडे जास्त दिवस लागले, एवढाच फरक. म्हणून पैसे मोजण्याआधी एक रात्र आणि एक साधा बल्ब खर्च करावा. करंट कुठे जातो ते जुन्या गाडीत घरच्या घरी कळते.

नव्या गाड्यांपेक्षा जुन्या गाड्यांत हे काम सोपे आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्राने विलीज जीप आपल्या देशात जोडायला सुरुवात केली. पुढे त्याच घराण्यातल्या मेजर, कमांडर या गाड्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सवारी वाहतुकीपासून तेंदूपत्त्याच्या फडीपर्यंत सगळीकडे फिरल्या. अ‍ॅम्बेसेडर १९५८ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, जिप्सी १९८५ मध्ये. यातल्या जुन्या मॉडेलांत कॉम्प्युटर नाही. दहा-पंधरा वायरी, दोन-चार फ्यूज, चार स्विच. चावी बंद केली की करंट जवळपास शून्यावर यायला पाहिजे. येत नसेल तर चोर आत आहे आणि तो हाताने सापडतो.

बॅटरी उतरते की भरतच नाही?

'बॅटरी बसते' या एका तक्रारीमागे चार वेगवेगळे आजार असतात. पहिला, बॅटरीच म्हातारी झाली, भरलेले धरून ठेवत नाही. दुसरा, अल्टरनेटर किंवा डायनामो बॅटरी भरतच नाही. तिसरा, बॅटरी भरलेली आहे पण टर्मिनल किंवा अर्थिंगची पट्टी गंजल्यामुळे सेल्फपर्यंत करंट पोहोचत नाही. आणि चौथा, गाडी उभी असताना कोणीतरी करंट खातो. या बातमीत मुख्य विषय चौथा आहे, पण पहिले तीन नाकारल्याशिवाय चौथ्याच्या मागे लागू नये. नाही तर अख्खी वायरिंग उघडून बसाल आणि दोष निघेल टर्मिनलच्या पांढऱ्या बुरशीत.

टर्मिनलपासून सुरुवात करावी, कारण त्याला खर्च नाही. निगेटिव्ह वायर आधी काढावी, मग पॉझिटिव्ह. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ब्रशने धुवावी. हे पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नये. नंतर पॉलिश पेपरने घासून, कोरडे करून घट्ट कसावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. बॅटरीचा निगेटिव्ह चेसिसला जिथे बसतो ती जागा, आणि चेसिसपासून इंजिनला जाणारी विणलेली पट्टी, या दोन्ही उघडून घासाव्यात. आपल्याकडच्या लाल मातीच्या चिखलात ही पट्टी हमखास सडते. वरून दिसते साबूत, आतून चारच तारा उरलेल्या असतात.

पुढचे काम मल्टीमीटरचे. साधा डिजिटल मल्टीमीटर तालुक्याच्या इलेक्ट्रिकल दुकानात दोन-चारशे रुपयांत मिळतो. जुनी गाडी ठेवणाऱ्याच्या घरी तो पाना-पकडीसारखाच असावा. डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलांना लावावा. गाडी तीन-चार तास उभी असताना १२.६ किंवा १२.७ दाखवला तर बॅटरी पूर्ण भरली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली गेली तर रिकामीच समजावी. आकड्यांत फरक थोडा दिसतो, पण एका व्होल्टाच्या आतच सगळा खेळ आहे.

आता इंजिन सुरू करून पुन्हा तिथेच मोजावे. थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आले तर चार्जिंग बरोबर आहे. १२.५ वरच अडकले तर अल्टरनेटर भरत नाही. पट्टा सैल आहे का, ते आधी दाबून पाहावे. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला. अशी गाडी बॅटरीचे पाणी उकळवून टाकते आणि चार महिन्यांत बॅटरी मारते. फार जुन्या जीपला अल्टरनेटर नसून डायनामो असतो. तो मंद फेऱ्यांवर जवळपास काहीच देत नाही. बाजाराच्या दिवशी लाइट लावून, गाडी आयडलवर ठेवून उभे राहणाऱ्यांची बॅटरी तिथेच अर्धी होते. त्याला दोष म्हणता येत नाही, ती त्या यंत्राची मर्यादा आहे.

एका रात्रीची परीक्षा

चार्जिंग बरोबर असेल तर बॅटरी आणि गाडी यांना एक रात्र वेगळे करावे. बॅटरी पूर्ण चार्ज करून तीन-चार तास तशीच ठेवावी, आकडा पाहून कागदावर लिहावा. निगेटिव्ह वायर काढून बाजूला ठेवावी, ती टेकणार नाही अशी फडक्यात गुंडाळावी. सकाळी पुन्हा आकडा पाहावा. १२.६ चे १२.६ किंवा १२.५५ राहिले तर बॅटरी निर्दोष. १२.२ वर आले तर बॅटरीतच खोट आहे, गाडीला हात लावायची गरज नाही.

दुसऱ्या रात्री तीच बॅटरी पुन्हा पूर्ण भरून, वायर जोडून, गाडी नेहमीसारखी बंद करून ठेवावी. पहिल्या रात्री आकडा टिकला आणि दुसऱ्या रात्री पडला, तर चोर गाडीत आहे हे पक्के झाले. मल्टीमीटर नसेल तरी ही परीक्षा होते. पहिल्या सकाळी वायर जोडून सेल्फ मारून पाहावा. जोरात फिरला तर बॅटरी चांगली.

ज्यांच्या बॅटरीला पाण्याची झाकणे आहेत त्यांनी हायड्रोमीटरही वापरून पाहावा, बॅटरीवाल्याकडे असतोच. भरलेल्या बॅटरीच्या सहाही खान्यांची ग्रॅव्हिटी १.२६ ते १.२८ च्या जवळ आली पाहिजे. पाच खाने १.२६ आणि एक १.१५ असेल तर तो सेल गेला. अशा बॅटरीला कितीही चार्ज केले तरी उपयोग नाही.

किती दिवसांत बॅटरी बसते, यावरून चोर मोठा की लहान तेही कळते. हिशेब सोपा आहे. जीपला ६० अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर त्यातले अर्धे, म्हणजे ३० गेले की डिझेल इंजिन फिरवणे तिला जड जाऊ लागते. रात्रीचे १२ तास धरले तर ३० भागिले १२, म्हणजे अडीच अँपिअर. चांगली बॅटरी एकाच रात्रीत बसली, तर अडीच अँपिअर किंवा जास्त करंट वाहतो आहे. आठवड्याने बसत असेल तर ०.२ अँपिअरच्या आसपास. तीन-चार आठवड्यांनी बसत असेल तर ०.०५, आणि एवढे तर घड्याळ किंवा रेडिओची मेमरी असलेली गाडी नेहमीच खाते.

कोणता बल्ब किती खातो तेही याच हिशेबात बसते. वॅट भागिले १२. नंबर प्लेटचा ५ वॅटचा बल्ब ०.४ अँपिअर, ब्रेक लाइटचा २१ वॅटचा एक बल्ब पावणेदोन अँपिअर. म्हणून नंबर प्लेटचा दिवा एक रात्र राहिला तर चांगल्या बॅटरीला काही होत नाही, ५ अँपिअर-तास जातात. दोन्ही ब्रेक लाइट रात्रभर पेटले तर ४२ जातात आणि सकाळी गाडी मेलेली असते. सेल्फ खूप करंट खातो हे खरे, दोनशे अँपिअरही खेचतो, पण पाच सेकंदच. हिशेब केला तर ०.३ अँपिअर-तासही होत नाही. 'सेल्फ मारून मारून बॅटरी संपली' असे म्हणतात तेव्हा बहुधा ती आधीच अर्धी रिकामी असते.

बल्ब लावून चोर पकडणे

जुन्या गाडीला मल्टीमीटरपेक्षा ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब आधी लावावा. होल्डरला दोन वायरी जोडाव्यात. गाडी पूर्ण बंद, चावी काढलेली, दरवाजे बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि बल्बची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरी काढलेल्या निगेटिव्ह केबलला जोडायची. म्हणजे गाडीत जाणारा सगळा करंट बल्बमधून जाईल.

बल्ब लख्ख पेटला तर मोठा चोर किंवा सरळ शॉर्ट आहे. मंद लाल पेटला तर मध्यम. पेटलाच नाही तर २१ वॅटचा काढून ५ वॅटचा लावून पाहावा, तो थोड्या करंटवरही लाल होतो. दोन्ही पेटले नाहीत तर मोठी गळती नाही.

या पद्धतीची खरी खुबी अशी की पूर्ण शॉर्ट असला तरी बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही. वायर जळत नाही, ठिणगी उडत नाही. आपल्याकडे काही जण टर्मिनलला वायर घासून ठिणगी पाहतात आणि 'करंट जातो' म्हणून सांगतात. तसे करू नये. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, ठिणगीने बॅटरी फुटते अन् तेजाब डोळ्यांत जाते. शिवाय ठिणगी लहान की मोठी यावरून काहीच मोजता येत नाही.

बल्ब पेटलेला ठेवून आता एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला बल्ब विझतो त्याच्या लाइनीत चोर. पण जुन्या जीप अन् अ‍ॅम्बेसेडरमध्ये फ्यूज कमी आणि बिनफ्यूजच्या लाइनी जास्त. सगळे फ्यूज काढूनही बल्ब पेटलेलाच असेल तर घाबरायचे कारण नाही. मग क्रमाने वायरी काढाव्यात. पहिली अल्टरनेटरची जाड वायर, मग हेडलाइट स्विचची, मग चावीच्या स्विचची, मग मागाहून बसवलेल्या सगळ्या वस्तूंची. काढलेली प्रत्येक वायर टेप लावून बाजूला ठेवावी आणि कोणती कुठली होती त्याचा मोबाइलवर आधी फोटो काढून घ्यावा. हा फोटो न काढल्याने एका दिवसाचे काम तीन दिवसांवर गेल्याची उदाहरणे कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारा.

एक चूक फार होते. बल्ब पेटलेला दिसला म्हणून लोक वायरिंग उघडतात आणि खरे तर दरवाजा उघडा असल्याने आतला दिवा लागलेला असतो. दरवाजाचे बटण दाबून धरावे किंवा आतला बल्बच काढून ठेवावा.

मल्टीमीटरने नेमका आकडा हवा असेल तर लाल वायर मीटरच्या '१० ए' लिहिलेल्या भोकात टाकावी आणि बल्बच्या जागी मीटर जोडावा. हे करायचे ते बल्बने मोठा शॉर्ट नाही हे पाहिल्यावरच. मीटर लागलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही. दोनशे अँपिअर मीटरमधून जाऊ पाहतील आणि मीटरचा फ्यूज उडेल. काम झाल्यावर लाल वायर परत व्होल्टच्या भोकात ठेवावी. ती अँपिअरमध्ये राहिली आणि कोणी तसाच व्होल्ट मोजायला बॅटरीला लावला तर मीटर जळतो. घड्याळ-रेडिओ नसलेल्या जुन्या जीपमध्ये हा आकडा शून्य किंवा दोन-चार मिलिअँपिअर आला पाहिजे. कॉम्प्युटर असलेल्या नंतरच्या जिप्सी किंवा इतर गाड्यांत अर्धा तास थांबून मोजावे, २० ते ५० मिलिअँपिअर चालतात.

जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर अँपिअर मीटरचा काटा असतो. तो चालू स्थितीत असेल तर सगळे बंद करून काटा पाहावा. मधल्या शून्यावरून वजा बाजूला झुकला असेल तर मोठा चोर आहे. लहान गळती मात्र या काट्यावर दिसत नाही.

चोर बहुधा कुठे सापडतो

जुन्या गाडीत सगळ्यात जास्त दोष मागाहून बसवलेल्या वस्तूंत निघतात. म्युझिक सिस्टिम, अ‍ॅम्प्लिफायर, एलईडीच्या पट्ट्या, जंगलच्या रस्त्यासाठी लावलेले जादा दिवे, मोबाइल चार्जर. बसवणारा घाईत चावीच्या लाइनीतून वायर न घेता सरळ बॅटरीवरून घेतो, फ्यूजही टाकत नाही. चावी काढली तरी अ‍ॅम्प्लिफायर जागा राहतो. त्याच्यावर हात ठेवून पाहावा, दोन तास बंद असलेल्या गाडीत तो कोमट लागला तर तिथेच उत्तर मिळाले. बिनफ्यूजची अशी वायर चेसिसच्या पत्र्याला घासली तर बॅटरी उतरण्याची वाट पाहत नाही, आग लावते.

दुसरा नंबर अल्टरनेटरचा. त्याच्या आत डायोड असतात, ते करंट बॅटरीकडे जाऊ देतात, परत येऊ देत नाहीत. एखादा डायोड गेला की उभ्या गाडीत बॅटरीतून करंट उलटा अल्टरनेटरमध्ये जातो. हा चोर फ्यूज काढून सापडत नाही, म्हणून भल्याभल्यांना फिरवतो. ओळख दोन. रात्रभर थंड पडलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी कोमट लागतो. आणि बल्बच्या परीक्षेत अल्टरनेटरची जाड वायर काढल्याबरोबर बल्ब विझतो. ही वायर काढताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी वेगळा करावा, कारण तिच्यात थेट बॅटरीचा करंट असतो आणि पाना चेसिसला टेकला तर मोठी ठिणगी पडते. वायर टेपने झाकून मग बल्ब पुन्हा जोडावा. डायोड प्लेट बदलता येते, पूर्ण अल्टरनेटर घ्यायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

डायनामो असलेल्या जीपमध्ये हेच काम कटआउट करतो. त्याचे पॉइंट जळून चिकटले तर इंजिन बंद केल्यावरही बॅटरी डायनामोला जोडलेली राहते, डायनामो मोटरसारखा फिरू पाहतो, पट्ट्यामुळे फिरू शकत नाही आणि तापतो. इंजिन बंद करताच अँपिअर मीटरचा काटा वजा बाजूला आपटला, जळका वास आला, तर दुसरे काही न करता बॅटरीची वायर काढावी.

त्यानंतर ब्रेक लाइटचा स्विच. जुन्या गाड्यांत तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो, आत चिकटला की पाय काढला तरी दिवे पेटलेलेच राहतात. दिवसा उन्हात ते कोणाला दिसत नाही. रात्री गाडी बंद केल्यावर एकदा मागे जाऊन पाहावे, एवढीच तपासणी. रिव्हर्सचा दिवाही असाच राहतो.

पेट्रोलवरच्या अ‍ॅम्बेसेडर, जुन्या जीपमध्ये चावी 'ऑन' राहून इंजिन बंद पडले आणि डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट मिटलेल्या जागी थांबले तर इग्निशन कॉइल तीन-चार अँपिअर खात राहते. रात्रभरात बॅटरीही जाते अन् कॉइलही जळते. झिजलेल्या चावीच्या स्विचमध्ये चावी निघून येते पण आतला संपर्क 'ऑन'च असतो, हेही पाहिलेले बरे. डिझेल गाडीला हिटर प्लग असतील तर त्याचा रिले चिकटणे हा सगळ्यात भुकेला चोर. तो रात्रही घेत नाही, तास-दोन तासांत बॅटरी रिकामी करतो.

आता उंदीर. धान कापणीनंतर घराजवळ पुंजणे, तणसाचे ढीग लागले की उंदीर गरम इंजिनात मुक्कामाला येतात. वायरचे प्लास्टिक कुरतडतात. तार तुटली तर निदान दिवा बंद पडतो अन् लक्षात येते. पण नुसतीच उघडी पडली तर दमट रात्री चेसिसला हलकीशी टेकून करंट गळतो आणि उन्हात सुकल्यावर दिवसा तपासणीत काहीच सापडत नाही. 'कधी बसते, कधी नाही' अशी तक्रार असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इंजिनच्या मागची भिंत, बॅटरीखालचा ट्रे आणि डॅशबोर्डच्या आतली वायर टॉर्च मारून पाहावी. लेंड्या दिसल्या तर पुढे शोधायची गरज कमी.

चंद्रपूरचा उन्हाळा आणि उभी गाडी

बॅटरी थंडीत बसते, पण मरते उन्हाळ्यात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४६-४७ च्या वर जातो. बोनेटखाली त्याहून जास्त. पाणी उडते, आतल्या प्लेटा उघड्या पडून सुकतात. तेवढा भाग कायमचा जातो. डिसेंबरच्या थंडीत इंजिनला जास्त जोर लागतो तेव्हा ही कमजोरी उघडी पडते आणि दोष थंडीवर जातो. म्हणून मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पाणी पाहावे. फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकावे. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते चालत नाही. तेजाब तर कधीच टाकू नये. उडते ते पाणी, तेजाब आतच राहते.

बॅटरीच्या वरच्या झाकणावर धूळ अन् तेजाबाचा ओलसर थर जमला तर त्यातूनही करंट गळतो. मल्टीमीटरची काळी पिन निगेटिव्हला आणि लाल पिन नुसत्या प्लास्टिकच्या झाकणावर फिरवून पाहावी. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर झाकण सोड्याच्या पाण्याने पुसून घ्यावे.

उभ्या गाडीचा प्रश्न आपल्या भागात मोठा आहे. ताडोबाचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनाला बंद असतो, मोहर्लीसारख्या गेटवरच्या कित्येक जिप्सी तेव्हा शेडमध्ये उभ्या राहतात. भामरागडकडे पर्लकोटेला पूर आला की गाड्या दिवसेंदिवस जागच्या हलत नाहीत. चांगली बॅटरीसुद्धा आपोआप थोडी उतरत असते, उन्हाळ्यात जास्त वेगाने. रिकामी बॅटरी तशीच दोन-तीन आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती पूर्ण भरत नाही. त्यामुळे गाडी पंधरा दिवसांवर उभी राहणार असेल तर निगेटिव्ह काढून ठेवावा आणि महिन्यातून एकदा चार्ज करावे. करंट बॅटरीच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे ६० च्या बॅटरीला ६ अँपिअर, दहा-बारा तास. दर आठ दिवसांनी पाच मिनिटे गाडी चालू करून बंद करणे हा उपाय नव्हे, त्यात पूर्ण चार्ज होत नाही.

जिथे लाइटचा भरवसा नाही तिथे घरच्या सोलर दिव्याचे १२ व्होल्टचे पॅनल कामी येते. मात्र मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. सरळ पॅनल जोडले तर दिवसा बॅटरी जास्त भरते आणि उलटा करंट अडवणारा डायोड नसेल तर रात्री पॅनलच चोर बनते.

निगेटिव्हवर बसणारा कट-ऑफ स्विच मिळतो. रोजच्या वापरात तो सोयीचा आहे, आगीपासूनही वाचवतो. पण चोर न शोधता नुसता स्विच लावणे म्हणजे दुखणे झाकणे. ज्या रात्री स्विच बंद करायचा विसर पडेल त्याच्या सकाळी गाडी बसेल.

हे करू नये

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून 'अल्टरनेटर चालतो का' पाहण्याची पद्धत अजूनही अनेक गॅरेजांत आहे. डायनामोच्या काळातली ती सवय आहे. अल्टरनेटरवर तसे केले तर व्होल्टेज एकदम उसळते, डायोड जातात. चांगला अल्टरनेटर या तपासणीतच बिघडतो आणि मग तोच रात्री बॅटरी खाऊ लागतो.

ट्रॅक्टरवरून गाडी चालू करायची असेल तर ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची आहे ना, पाहून घ्यावे. ट्रक बहुधा २४ व्होल्टचा असतो, त्यावरून सरळ जोडू नये. लाल वायर पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. फार जुन्या गाड्यांत काही ठिकाणी पॉझिटिव्ह अर्थ असते, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला तर ६ व्होल्टची व्यवस्था होती. अशी मूळ वायरिंगची गाडी असेल तर आधी चेसिसला कोणती खुंटी जोडली आहे ते पाहून घ्यावे. हातातली अंगठी, कडे काढून ठेवावे. तेजाब डोळ्यांत गेले तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

खराब बॅटरीचे तेजाब बांधीत किंवा नाल्यात ओतू नये, त्यात शिसे असते. जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो आणि नवीन बॅटरीत तेवढे पैसे कापून देतो.

इलेक्ट्रिशियनकडे जायचेच असेल तर कागद सोबत न्यावा. रात्रीचा आकडा, सकाळचा आकडा, इंजिन चालू असतानाचा आकडा, बल्ब पेटला की नाही, आणि कोणती वायर काढल्यावर विझला. एवढे हातात असले की तो 'बॅटरी बदलून टाका' म्हणत नाही, सरळ त्या लाइनीला हात घालतो. दुरुस्ती झाल्यावर पैसे देण्याआधी त्याच्यासमोरच बल्ब पुन्हा लावून पाहावा. विझलेला राहिला तर वायर कसून गाडी घरी आणावी.